गाण्याच्या जत्रेतला बिछाना

श्रोतेहो, समजा, उद्या आपणांस कोणी म्हणाले की, चला, तीन दिवस आणि तीन रात्री एका माळावर गाणे ऐकावयाचे आहे. आपला पहिला प्रश्न असेल, गाणार कोण? तो रास्तच आहे. पण सूर्य मावळला, दव पडू लागले आणि कंबर भरून आली की दुसरा प्रश्न डोके वर काढतो : झोपायचं कशावर? या दुसऱ्या प्रश्नाला इतिहासाच्या पुस्तकांत फारशी जागा मिळत नाही. लढाई कोणी जिंकली हे आम्ही मुलांना शिकवितो. लढणारे आदल्या रात्री कशावर निजले होते ते कोणी विचारीत नाही. गाण्याच्या जत्रांचेही तसेच झाले आहे. गाणाऱ्यांवर ग्रंथ लिहिले गेले, वळकटीवर कोणी लिहिले नाही. आज तिच्याविषयी थोडे बोलू.

सुरुवात अमेरिकेतल्या एका गोठ्यापासून करू. न्यूयॉर्क राज्यात बेथेल नावाचे गाव आहे. तिथे मॅक्स यासगर हा दुधाचा धंदा करणारा शेतकरी राहत असे. त्याच्या सुमारे ६०० एकर शेतजमिनीवर १९६९ सालच्या ऑगस्टमध्ये, १५ तारखेपासून, एक संगीताची जत्रा भरली. तिचे नाव वुडस्टॉक. खरे वुडस्टॉक गाव तिथून बरेच लांब, पण नाव चिकटले ते चिकटले. भरविणाऱ्यांनी गावच्या अधिकाऱ्यांना सांगितले होते की, ५० हजारांच्या आसपास माणसे येतील. आली चार लाखांवर! कुंपण पुरे होण्याआधीच माणसे आत शिरली, तेव्हा तिकिटे फाडण्याचा प्रश्नच मिटला. रस्ते गाड्यांनी तुंबले. मैलोगणती लोक मोटारी रस्त्यातच सोडून चालत आले, आणि चालत येणारा माणूस काय आणणार? कोणाच्या खांद्यावर एखादी चादर, कोणाकडे सैन्यातून जुन्या भावाने विकलेली झोळी, पुष्कळांकडे काहीच नाही.

मग पाऊस आला.

पहिल्या रात्री व्यासपीठावर पंडित रविशंकर सतार वाजवीत होते. साथीला तबल्यावर अल्लारखाँ, आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. समोरचा तरुण श्रोतृवर्ग उघड्यावर भिजत बसलेला. पुढे रविशंकरांनी त्या जत्रेविषयी लिहिताना म्हटले आहे की, ती चिखलात बसलेली माणसे पाहून त्यांना आपल्याकडच्या, डबक्यात लोळणाऱ्या म्हशींची आठवण झाली. ही तुलना कौतुकाने केलेली नव्हती. त्यांना ती जत्रा मनापासून आवडली नाही. पण म्हशीची गोष्ट निराळी आहे हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. म्हैस चिखलात सुखाने बसते, कारण दुपारी तिला अंग थंड करावयाचे असते. माणसाला पहाटे अंग गरम ठेवावयाचे असते. साऱ्या बिछान्याचे शास्त्र या एका फरकात आले.

त्या जत्रेतली आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गाण्यांच्या आठवणींत ती बहुधा गाळली जाते. सतरा वर्षांचा एक मुलगा आपल्या झोपायच्या पिशवीत शिरून शेतात निजला होता. सकाळी टाकी ओढणारा एक ट्रॅक्टर त्या वाटेने आला. चालविणाऱ्याला जमिनीवरचे ते गाठोडे म्हणजे माणूस आहे हे कळले नाही, आणि मुलगा गेला. पिशवी उबदार असेल, चांगल्या कापडाची असेल. पण ती चाकोरीत पसरलेली होती. उत्तम सामान कोणते हा प्रश्न नंतरचा. ते कुठे मांडावयाचे हा आधीचा. ज्यांना पुढेमागे मुलांना घेऊन शिबिराला जावयाचे आहे त्या शिक्षकबंधूंनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आता या सामानाचे मूळ पाहू. तंबू ही मुळात मेंढपाळांची आणि फिरस्त्यांची वस्तू. तिचे कारखाने काढले ते मात्र सैन्याने. अमेरिकेच्या सैन्यात सिब्ली नावाचा एक अधिकारी होता. तिथल्या गवताळ मैदानांत राहणाऱ्या आदिवासींचे शंकूसारखे घर त्याने पाहिले : मध्ये चूल, वर धूर जावयाला भोक, भोवती वर्तुळात निजलेली माणसे. त्यावरून त्याने एक तंबू बेतला आणि १८५६ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झाले तेव्हा दोन्ही बाजूंचे शिपाई त्याच तंबूत राहिले. ज्यांच्या घरावरून तो बेतला त्यांना मात्र कोणी काही दिले नाही.

तंबूच्या बाबतीत आपला देशही मागे नव्हता. राहुटी, पाल, डेरा, कनात, शामियाना हे शब्द आपल्या तोंडी आहेत ते उगीच नव्हेत. ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ साली शिंद्यांच्या लष्कराबरोबर हिंडत होता, आणि त्या छावणीतून त्याने लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. ती छावणी म्हणजे एक चालते गावच होते. टिपू सुलतानाचा फुलवेलींच्या छिटाचा तंबू १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागला. तो वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात गेला, आणि तिथल्या सरदार घराण्याने त्याचा उपयोग बागेतल्या मेजवान्यांना मांडव म्हणून केला. सुलतानाचा तंबू आणि खाली चहाचे पेले! असो. शब्दांचाही असाच प्रवास झाला आहे. इंग्रज जिला ‘कॉट’ म्हणतात ती आपली खाट. आणि ‘डंगरी’ नावाचे जे जाडेभरडे कापड शिडांना, तंबूंना आणि कामगारांच्या कपड्यांना वापरीत, त्याचे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले. तेव्हा विलायती दुकानातले सामान पाहून आपण अगदीच परके वाटून घेण्याचे कारण नाही.

त्याच पॉविस किल्ल्यापासून पंधरा मैलांच्या आत न्यूटाउन हे छोटे गाव आहे. तिथे प्राइस-जोन्स नावाचा कापडाचा व्यापारी होता. लोकरीचे कापड टपालाने घरपोच पाठवावयाची युक्ती त्याने काढली आणि तीवर तो मोठा झाला. या गृहस्थाने १८७६ साली एका कांबळ्याचे पेटंट घेतले. कांबळे साधेच, पण दुमडून अडकविले की त्याची खोळ होई, आणि डोक्याशी एक खिसा, त्यात हवा भरावयाची रबरी उशी. रशियाच्या सैन्याने अशी ६० हजार कांबळी मागविली. १८७७ साली रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध चालू होते आणि प्लेव्हना शहराला वेढा पडला होता, त्या वेळची ही गोष्ट. आज जत्रेला निघालेला तरुण पाठीवर जी झोपायची पिशवी बांधतो तिच्या थोड्या आद्य पूर्वजांपैकी हे एक कांबळे. आपल्याकडचे मेंढके घोंगडीची खोळ करून पावसात उभे राहतात. त्यांना कोणी पेटंट दिले नाही, आणि त्यांनी मागितलेही नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण बहुतेक माणसे सामान निवडताना इथेच चुकतात. ऊब लोकरीत नसते, पिसांतही नसते. लोकरीच्या धाग्यांत जी हवा अडकून राहते ती ऊब राखते. आता आपण पिशवीत शिरून आडवे झालो की अंगाच्या भाराने खालची लोकर चेपते, हवा निघून जाते आणि पाठीखाली नुसते कापड उरते. त्याखाली गार जमीन. ती रात्रभर अंगातली ऊब ओढून घेत राहते. मग माणूस काय करतो? वरून आणखी एक पांघरूण घेतो. त्याने पोट गरम होते, पाठ गारच! म्हणून जाणता माणूस पहिला पैसा खालच्या अंथरुणावर खर्च करतो, दुसरा पांघरुणावर, आणि तंबूचा नंबर त्यानंतर लावतो. दुकानात मात्र हा क्रम उलटा असतो, कारण तंबू उभा करून दाखविता येतो आणि पाठीखालचा गारठा दाखविता येत नाही. आपल्या घरची जुनी माणसे खाली ताडपत्री, तीवर वाळलेले गवत वा पेंढा, त्यावर घोंगडी आणि मग सतरंजी अंथरीत. ती या शास्त्रात कोणापुढे हरणारी नव्हती. ताडपत्रीच्या जागी विलायतेत रबर फासलेले कापड आले. १८२३ साली मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दोन कापडांच्या मध्ये विरघळविलेले रबर घालून ते जलरोधक करण्याचे पेटंट घेतले होते.

तर हे सारे सामान सैन्याचे, शिकाऱ्यांचे, हिमशिखरे चढणाऱ्यांचे. ते साध्या माणसाच्या पाठीवर कसे आले? त्याचे श्रेय एका शिंप्याकडे जाते. थॉमस हायरम होल्डिंग हा इंग्रज शिंपी. लहानपणी, १८५३ साली, आईबापांबरोबर अमेरिकेची मैदाने त्याने गाड्यांच्या तांड्यातून ओलांडली होती. ते उघड्यावरचे निजणे त्याच्या मनातून गेले नाही. मोठेपणी तो सायकलवर सामान बांधून हिंडू लागला. सायकलवर बांधावयाचे म्हणजे वजन आले, आणि वजन आले की शिंप्याची कात्री चालली. त्याने हलक्या कापडाचे, रेशमाचेसुद्धा, तंबू बेतले. १९०१ साली सायकलवरून फिरून मुक्काम करणाऱ्यांचा संघ काढला आणि १९०८ साली या विषयावर एक जाडजूड पुस्तक लिहिले. सेनापतीला हवा असलेला तंबू खेचर वाहते. होल्डिंगला हवा असलेला तंबू त्याला स्वतःला वाहावयाचा होता. सामान निवडण्याची कसोटीच तिथे बदलली. पुढे दोन महायुद्धे झाली आणि उरलेले लष्करी सामान बाजारात मातीमोलाने आले. हायस्कूलचा मुलगासुद्धा ते विकत घेऊ लागला. वुडस्टॉकच्या माळावर जे काही थोडे सामान होते त्यातले बरेचसे असेच शिपायांच्या अंगाखालून आलेले.

कापडाविषयी दोन शब्द सांगतो. सुती तंबूचा एक मोठा गुण आहे. भिजला की धागा फुगतो, विणीतली भोके बुजतात आणि पाणी आत येत नाही. मात्र आतून बोट लावू नये. जिथे बोट लागेल तिथून थेंब गळू लागतो, हा आमच्या बालवीर पथकातल्या प्रत्येक पोराने घेतलेला अनुभव आहे. दुर्गुण म्हणजे भिजलेला सुती तंबू दोन माणसांना उचलवत नाही, आणि ओला गुंडाळून ठेवला की बुरशी धरतो. १९३८ साली नायलॉन जगापुढे आले, युद्धात त्याच्या हवाई छत्र्या झाल्या, आणि युद्धानंतर तंबू. हलका, चटकन वाळणारा, बुरशी न धरणारा. पण पाणी अडविण्याकरिता त्याला वरून लेप दिलेला असतो, आणि लेप दिलेले कापड श्वास घेत नाही. निजलेला माणूस रात्रभरात उच्छ्वासातून आणि घामातून पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. ते आतल्या बाजूला साचते आणि पहाटे तोंडावर ठिबकते. लोक म्हणतात, तंबू गळतो. गळत नाही, तो आपलाच श्वास परत देतो! म्हणून घेताना दुपदरी घ्यावा, आत विरळ कापड आणि बाहेर जलरोधक, मध्ये वीतभर मोकळी हवा. आणि वाऱ्याला वाट ठेवावी.

वाऱ्यावरून आठवले. थंडी वाजते म्हणून कित्येक जण निखाऱ्याची शेगडी तंबूत घेतात आणि दार बंद करून निजतात. इंग्लंडात यामुळे माणसे मेली आहेत, आपल्याकडेही बंद खोलीत मरतात. विझत आलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निजलेल्याला जाग येत नाही. शेगडी बाहेरच राहिली पाहिजे, मग ती विझलेली वाटो की पेटलेली.

आता दुसऱ्या एका गोठ्यात जाऊ. वुडस्टॉकच्या पुढच्याच वर्षी, १९ सप्टेंबर १९७० ला, इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याने आपल्या वर्दी फार्मवर गाण्याचा कार्यक्रम ठेवला. प्रवेश एक पौंड, आणि त्यात शेतावरचे दूध फुकट. आले दीड हजार लोक. पुढच्या वर्षापासून ती जत्रा उन्हाळ्यात, जूनमध्ये भरू लागली. तीच आज ग्लास्टनबरी म्हणून जगप्रसिद्ध आहे. दोन लाखांहून अधिक माणसे येतात आणि बहुतेक सारी तंबूत राहतात. तिथला उन्हाळा म्हणजे आपला उन्हाळा नव्हे. दुपारी अंगरखा काढावा असे ऊन, रात्री कांबळे लागावे असा गारठा, आणि मधूनच पाऊस. १९९७ आणि १९९८ ही दोन्ही वर्षे चिखलाची गेली. २००५ साली तर एका सकाळी वादळी पाऊस झाला आणि उताराखालच्या सखल जागेतले शेकडो तंबू पाण्यात बुडाले. वरच्या उतारावर, त्याच दुकानातून घेतलेले तसलेच तंबू, जागच्या जागी उभे होते.

ही जत्रा सुरू करणारा माणूस गाईंचा धनी ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसे जातात तेव्हा कुरणात लोखंडी मेखा राहून जातात, आणि चरताना मेख गाईच्या तोंडी आली तर काय होते हे श्रोत्यांना मी सांगावयास नको. तिथे पुढे जमिनीत कुजून जाणाऱ्या मेखा लोकांना फुकट वाटल्या गेल्या. दर काही वर्षांनी एक वर्ष जत्रा बंद ठेवून कुरणाला विसावाही देतात. दुसरे दुखणे स्वस्त तंबूंचे. तंबू इतका स्वस्त झाला की लोक तो उभाच सोडून घरी जाऊ लागले. त्याविरुद्ध बरीच वर्षे ओरड झाली, आणि २०१९ साली भरविणाऱ्यांनी जाहीर केले की, शंभरातले ९९ हून अधिक तंबू लोक परत घेऊन गेले.

हे सारे ऐकताना वारकरी मंडळी गालात हसत असतील, कारण त्यांच्याकडे हा संसार फार जुना आहे. आषाढी वारी ही गाण्याचीच जत्रा, फक्त ती एका जागी बसत नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजची शिस्त आणि क्रम लावून दिला तो हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. हे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी होते, म्हणजे ज्या लष्कराचे वर्णन ब्रॉटनने लिहिले त्याच शिंदेशाहीतले. माउलींच्या घोड्यांचा आणि तंबूचा मान बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडे आहे. मुक्कामाचा तळ, दिंड्यांचा ठरलेला क्रम, कर्ण्याचा इशारा, राहुट्यांच्या ओळी, यांत लष्करी छावणीचा हात चटकन ओळखू येतो. तेव्हा सैन्याचे सामान गाण्याच्या कामी लागले ते प्रथम वुडस्टॉकला नव्हे.

वारीतली वळकटी पाहावी. ताडपत्रीचा वा प्लास्टिकचा एक कागद, एक घोंगडी, एक चादर, बदलायचे धोतर किंवा लुगडे, तांब्या. अंथरूण दिंडीच्या ट्रकमध्ये, गळ्यात फक्त टाळ किंवा वीणा. घोंगडी खाली घेता येते, वर घेता येते, पावसात डोक्यावर घेता येते, आणि ओली झाली तरी पार गार पडत नाही. तीन कामे करील ती वस्तू घ्यावी आणि एकच काम करणारी घरी ठेवावी, हा होल्डिंग शिंप्याचाही हिशेब होता. पायताणाचेही तसेच आहे. नवी वहाण वारीला घालून निघालेला माणूस तिसऱ्या मुक्कामाला अनवाणी दिसतो. इंग्लंडात चिखलासाठी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालतात. तेही घरी आठ दिवस घालून मग न्यावेत, नाहीतर पोटरीला फोड येतात.

माझी स्वतःची फजिती सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर महाविद्यालयाच्या पोरांचे शिबिर घेऊन एका गावी गेलो होतो. मी जागा निवडली ती हिरवीगार, सपाट, तळहातासारखी. मऊ गवत पाहून पोरेही खूश. संध्याकाळी मेंढ्या घेऊन एक म्हातारबाबा आले, उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, हितं नका निजू. गवात बघा कसं एका अंगाला निजलंय.” मी इतिहासाचा एम. ए. आणि ते मला गवत वाचायला सांगत होते! मी हसून म्हटले, “बाबा, आभाळात ढग तरी आहे का?” रात्री दोन वाजता पाऊस वरच्या डोंगरात पडला. आमच्यावर एक थेंब नाही. पाणी मात्र आले, गवत ज्या अंगाला निजले होते त्याच अंगाने, आणि वीस पोरांच्या वळकट्या तरंगू लागल्या. अंधारात आम्ही पोरे मोजली. एकोणीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा एकोणीस. त्या पाच मिनिटांत मी जे काही म्हणालो ते कोणत्या देवाला उद्देशून होते ते आता आठवत नाही. विसावा त्या म्हातारबाबांच्या पालावर आधीच जाऊन निजला होता. त्याने त्यांचे ऐकले होते. सकाळी बाबांनी आम्हां सगळ्यांना चहा पाजला आणि गवताचा विषय काढला नाही.

तेव्हापासून शिबिर ठरले की आठ दिवस आधी आम्ही तंबू शाळेच्या अंगणात एकदा उभा करतो. मेखा मोजतो, तणावाचे दोर ओढून पाहतो, मेखचू पिशवीत आहे की नाही बघतो. मग पोरे त्यावर दोन बादल्या पाणी ओततात, आणि आत एक जण कोरडी सतरंजी अंथरून निजतो. आत निजायची पाळी माझी असते.